उभे पाहुणे आणि बटणाएवढी बॅटरी

देब्रे बिरहान गावातला एकही टेलिफोन आतो, म्हणजे श्रीयुत, मेकुरियांना विचारल्याशिवाय वाजत नसे, असं निदान आतो मेकुरियांचं मत होतं. टेलिफोन खात्यात त्यांची उभी हयात गेली. आमच्या गावच्या थंडीत खांबावर चढून, दातांनी वायर सोलून त्यांनी अर्धं गाव उरलेल्या अर्ध्या गावाशी जोडलं होतं. निवृत्त झाल्यावर हा माणूस स्वस्थ बसेल, अशी त्यांच्या बायकोची, अस्कालेबाईंची, भाबडी समजूत होती. पण पहिल्याच वर्षी त्यांनी घरची इस्त्री दुरुस्त केली, आणि तेव्हापासून ती इस्त्री वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दाराशी ठेवण्यापुरती उरली.

इस्त्रीनंतर पाळी आली लॅपटॉपची. हा लॅपटॉप मुळात त्यांच्या मुलीचा, मेआझाचा. तिचं कॉलेज त्याच्यावर झालं. पुढे ती नर्स होऊन ओस्लोला गेली आणि जाताना तो आईबापांना ठेवून गेली. म्हातारा झाला होता बिचारा. मोठी बॅटरी केव्हाच गेली होती, त्यामुळे भिंतीतली वीज असेपर्यंतच चालायचा. त्याच्या पोटात आणखी एक बटणाएवढी बॅटरी असते. वीज असो-नसो, आज तारीख काय आणि वाजले किती, एवढं ध्यानात ठेवणं हे तिचं काम. ती पण संपली होती. वीज गेली की हा सगळं विसरायचा, आणि वीज आली की ऑपरेशननंतर शुद्धीवर आलेल्या पेशंटसारखा आधी तारीख विचारायचा. मग मेकुरिया ओस्लोला फोन लावायचे. मेआझा एकेक आकडा सांगायची आणि ते एका बोटानं तो दाबायचे.

आजवर हे निभावलं. पण आता रविवारी घरी मागणी घालायला वडीलधारी माणसं येणार होती. मुलगा सुराफेल, तोही ओस्लोतच, मेआझाच्याच हॉस्पिटलात. घराणं याच गावातलं. स्थळ मेकुरियांना मनापासून पसंत होतं. फक्त मेआझानं एक अट घातली होती : "मी पडद्यावर असेन. माझ्या तोंडून 'हो' ऐकल्याशिवाय तुम्ही कुणाला शब्द द्यायचा नाही."

या अटीमागे अस्कालेबाई होत्या. त्यांच्या वडिलांनी शब्द दिला तेव्हा त्या दळण घेऊन गिरणीवर गेल्या होत्या. पीठ घेऊन परतल्या, तर लग्न ठरलेलं. त्यांना कुणी विचारलंच नाही. त्यात मेकुरियांचा फायदाच झालेला असल्यानं त्यांनी या पद्धतीविरुद्ध आजवर तोंड उघडलं नव्हतं. पण मुलीच्या बाबतीत ते पक्के होते. तिला त्यांनी वचन दिलं होतं, आणि ते मोडणं त्यांच्या हातून होणार नव्हतं.

"ऐन वेळी वीज गेली आणि आली, तर पाहुण्यांसमोर काय मुलीला तारीख विचारत बसू?" शनिवारी दुपारी मेकुरियांनी जाहीर केलं. "बॅटरीच बदलून टाकतो."

"दुकानात द्या ना," अस्कालेबाई म्हणाल्या.

"अगं, अख्खं टेलिफोन एक्स्चेंज उघडून परत बसवलंय मी. हे तर पुस्तकाएवढं आहे."

"इस्त्री तर त्याहून लहान होती."

मेकुरियांनी हे ऐकलं नाही. बाजारातून बटणाएवढी बॅटरी आणून त्यांनी लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू काढायला घेतले. स्क्रू हरवू नयेत म्हणून शेजारच्या ताटात ठेवत गेले. त्या ताटात अस्कालेबाईंनी भाजायला निवडून ठेवलेले कॉफीचे दाणे आहेत, हे त्यांना दिसलं होतं. पण दाणे एका बाजूला आणि स्क्रू दुसऱ्या बाजूला, अशी त्यांनी मनात सरहद्द आखली होती. तिची वार्ता अस्कालेबाईंना नव्हती.

पोटातली जुनी बॅटरी पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेली निघाली. तिला दोन केसाएवढ्या वायरी, वायरींच्या टोकाला मुंगीएवढा प्लग. बाजारातून आणलेली नवी मात्र उघडीवाघडी, वायरींचा पत्ताच नाही. दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. मेकुरियांचा चेहरा मात्र खुलला. वायर जोडायची संधी कित्येक वर्षांत आली नव्हती! त्यांनी जुन्या वायरी सोडवल्या, नव्या बॅटरीच्या दोन्ही अंगांना टेकवल्या आणि काळी चिकटपट्टी एवढी गुंडाळली, की त्या बटणाची सुपारी झाली. ती जागेवर दाबून बसवली, झाकण लावलं. स्क्रू मोजले, तर एक कमी.

ताट तर तिथं नव्हतंच. ते स्वयंपाकघरात पोचलं होतं. पण मेकुरियांना वाटलं, स्क्रू जमिनीवर पडला असणार. ते मोबाइलचा दिवा लावून कपाटाखाली पाहू लागले, मग बाकाखाली, मग एन्जेरासाठी, म्हणजे आमच्या आंबट धिरड्यांसाठी, आंबत ठेवलेल्या पिठाच्या बादलीमागे. बादलीवर वाकले, आणि मोबाइल हातातून सुटून पिठात गेला. दिवा चालूच होता. आंबट पीठ आतून थोडा वेळ छान उजळलं आणि मग विझलं.

"अहो, इकडे या जरा," तेवढ्यात अस्कालेबाईंनी चुलीपाशी हाक मारली. "एक दाणा काही केल्या काळा होत नाहीये."

स्क्रू मिळाला. चिमट्यानं उचलून, फुंकर घालून बसवला. घरभर कॉफीचा वास सुटला होता आणि लॅपटॉपलाही त्याचा वाटा मिळाला. मोबाइल मेकुरियांनी तेफच्या, म्हणजे एन्जेराच्या बारीक धान्याच्या, दाण्यांत पुरून ठेवला, म्हणजे ओल शोषली जाईल. अस्कालेबाईंनी पिठाच्या बादलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि उद्याचे पाहुणे खाणार काय या एकाच विचारापायी बाकी सगळं पुढे ढकललं.

वीज जोडली. काळा पडदा आला, आणि यंत्रानं नेहमीप्रमाणे तारीख विचारली. आता फोन पिठाळलेला, आणि अस्कालेबाईंच्या जुन्या बटणांच्या फोनवरून परदेशी फोन लागत नसे, म्हणजे ओस्लो बंद. पण आजची तारीख सांगायला ओस्लो कशाला हवं? भिंतीवर चर्चचं कॅलेंडर होतं. अस्कालेबाईंनी त्यावरचे मोठे आकडे वाचून दाखवले : दिवस सतरा, महिना पाचवा, वर्ष दोन हजार सतरा. मेकुरियांनी ते एकेक करून दाबले. वेळ मनगटावर पाहून घातली. दहा वाजले होते, ऊन कलायला लागलं होतं. आमच्याकडे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, मध्यरात्री उठून मोजायला कुणी बसत नाही.

लॅपटॉप सुरू झाला. त्याचं घड्याळ आणि मेकुरियांचं घड्याळ मिनिटाला मिनिट जुळत होतं. "आजवर कधी जुळलं नव्हतं," मेकुरिया म्हणाले. संध्याकाळी वीज गेली, परत आली. लॅपटॉपनं काही विचारलं नाही. सगळं त्याच्या ध्यानात होतं. मेकुरियांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, तो चालूच ठेवला आणि समाधानानं जेवायला बसले.

रविवारी सकाळी तीन वाजता, म्हणजे अंगणात ऊन पसरल्यावर, तिघे पाहुणे आले. पुढे आतो लेगेसे, सुराफेलचे मामा. धान्याचे व्यापारी, आवाज दुकानातून रस्त्यापर्यंत जाईल असा. त्यांच्यामागे पाद्री अब्बा तेक्ले. सगळ्यात मागे काठी टेकत आतो वोर्कू, वयानं सगळ्यांत थोर आणि गुडघ्यांनी त्याहून थोर. तिघांच्या अंगावर जाड पांढऱ्या शाली.

"बसा," मेकुरिया म्हणाले.

"शब्द मिळाल्याशिवाय बसायचं नसतं," लेगेसे म्हणाले, आणि तिघे भिंतीला ओळीनं उभे राहिले.

ही रीतच होती. मागणी घालायला आलेल्यानं उभं राहायचं, आणि मुलीच्या बापानं पहिल्यांदा नाही म्हणायचं. लगेच हो म्हटलं, तर मुलगी घरात जड झाली होती असं दिसतं. एरवी या 'नाही'नंतर पाहुणे परत जातात आणि काही दिवसांनी पुन्हा येतात. पण मुलगा-मुलगी दोघंही परदेशात, सुट्ट्या मोजक्या, म्हणून 'नाही' आणि 'हो' एकाच बैठकीत उरकायचं असं आधीच ठरलं होतं. आपलं 'नाही' मेकुरियांनी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं. फक्त मेआझा पडद्यावर यायची बाकी होती.

लॅपटॉप वायरनं टीव्हीला जोडलेला होता, म्हणजे मुलगी सगळ्यांना मोठी दिसेल. मेकुरियांनी बटण दाबलं. टीव्हीवर मेआझाऐवजी मोठी लाल पाटी आली. लेगेसे आपल्याला चष्मा लागत नाही याचा फार अभिमान बाळगत. त्यांनी ती खणखणीत वाचली : "ही जागा सुरक्षित नाही. इथं कुणीतरी तुमची फसवणूक करत असण्याची शक्यता आहे."

लेगेसेंनी मान वळवून मेकुरियांकडे पाहिलं.

"ते तुमच्याबद्दल नाहीये," मेकुरिया घाईनं म्हणाले.

पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तीच पाटी. इंटरनेटची वायर काढून लावली, तरी तीच. अस्कालेबाईंनी कॉफीचे पेले पुढे केले. पाहुण्यांनी उभ्यानं घ्यायला नकार दिला, आणि बसायला तर नकार होताच. वोर्कूंची काठी थरथरायला लागली होती. अब्बा तेक्ले पुटपुटत प्रार्थना म्हणू लागले. ती मुलामुलीसाठी होती की वोर्कूंच्या गुडघ्यांसाठी, हे कळलं नाही. शेवटी मेकुरियांनी सगळ्या रोगांवरचं एकच औषध दिलं : लॅपटॉप बंद करून परत चालू केला.

टुण्ण असा घंटेचा आवाज झाला. टीव्हीवर एक पिवळा चौकोन आला, आणि लेगेसेंनी तोही वाचला.

"अठरा, पाच, दोन हजार सतरा. आज त्याला 'नाही' सांगायचं. रडला तरी सांगायचं. मागे फिरायचं नाही. मेआझा."

तारीख आजचीच होती. भिंतीवरच्या कॅलेंडरावर तीच. दिवस, महिना, वर्ष, कशातही शंका घ्यायला जागा नाही. मेकुरियांच्या डोक्यात सगळं भराभर जुळत गेलं. पोरीचं मन फिरलं असणार. काल तिनं फोन करून पाहिला असणार, आणि फोन पिठात! मग बिचारीनं कसंबसं हे पडद्यावर पाठवलं.

"मेकुरिया," लेगेसे हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांचा हळू आवाज गावात कुणी ऐकलेला नव्हता. "नाही म्हणायची रीत आम्हालाही ठाऊक आहे. ते ऐकायलाच आलो. पण 'रडला तरी'? हे कुठल्या रिवाजात बसतं?"

मेकुरियांनी अस्कालेबाईंकडे पाहिलं. त्या कॉफीचं भांडं धरून पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. असा जावई पुन्हा मिळणार नाही, हे मेकुरियांना कळत होतं. थोडी सारवासारव केली असती तर वेळ मारून नेता आली असती. रिवाजाचं 'नाही' समजा, दोन आठवड्यांनी या, असं म्हणून पाहुण्यांना हसत घालवता आलं असतं. मेआझाचीही मागाहून समजूत काढता आली असती. तिच्या आजोबांनी तेच केलं असतं.

"हे रिवाजाचं 'नाही' नव्हे," मेकुरिया म्हणाले. आरशासमोर घोटलेला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "हे खरं आहे. तुमचा मुलगा मला आवडला होता, आजही आवडतो. पण माझी मुलगी नाही म्हणत असेल, तर नाही. मला माफ करा."

लेगेसेंनी शाल खांद्यावर ओढली. अब्बा तेक्लेंनी क्रूस छातीशी धरला. वोर्कू वळायला लागले, पण त्यांचे गुडघे आखडले होते, त्यामुळे त्यांचं निघणं जरा लांबलं. नेमक्या त्याच वेळी अस्कालेबाईंच्या कमरेचा जुना बटणांचा फोन वाजला, आणि त्यांनी तो सवयीनं सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"आई, कुठं आहात तुम्ही? किती वेळ झाला मी नटून बसलेय. बाबांचा फोन का लागत नाहीये?"

"पिठात होता," अस्कालेबाई म्हणाल्या.

"तू कशाला नटलीस?" मेकुरिया फोनवर वाकून ओरडले. "तूच तर नाही म्हणून कळवलंस."

"मी? कुणाला?"

मेकुरियांनी टीव्हीवरचा मजकूर वाचून दाखवला.

"बाबा," मेआझा सावकाश म्हणाली, "लॅपटॉपवर तारीख काय दिसतेय?"

"आजची."

"वाचा बरं."

"अठरा, पाच, सतरा."

"ही तुम्ही घातलीत?"

"मीच. तुझ्या आईनं भिंतीवरून वाचली. चूक असेल तर ती चर्चची."

"बाबा, ते यंत्र फिरंगी वर्ष मोजतं. आपलं सतरा म्हणजे त्याचं पंचवीस. तुम्ही त्याला आठ वर्षं मागं नेऊन ठेवलंय. म्हणून तर इंटरनेटवर त्याला कुणी दारात उभं करत नाहीये. आणि ते पिवळं मी कॉलेजात असताना स्वतःला आठवण म्हणून लावलेलं होतं. लावलेला दिवस आला की ते वाजतं. तुम्ही तो दिवस परत आणलात."

"आमच्या घरात राहतं, आमची वीज खातं, आणि वर्ष फिरंग्यांचं?" मेकुरिया म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. आनंद लपवताना कुणाच्याही आवाजातला जोर जातो.

अस्कालेबाईंनी फोन आपल्याकडे ओढला. "वर्षाचं राहू दे. आठ वर्षांपूर्वी रडवलंस कुणाला, ते सांग."

"सुराफेललाच," मेआझा पुटपुटली.

"तुमची ओळख ओस्लोत झाली म्हणाली होतीस ना?"

"दुसऱ्यांदा ओस्लोत झाली, आई."

लेगेसेंचा आवाज एकदम मूळ जागी आला. "म्हणजे ती तू! कॉलेजातून घरी आला आणि चार दिवस जेवला नाही कार्टा! आम्हाला वाटलं टायफॉइड. मी स्वतः डॉक्टर आणला होता." त्यांनी वोर्कूंना कोपरखळी मारली. वोर्कू आधीच काठीवर तोललेले, थोडक्यात वाचले.

या गडबडीत अस्कालेबाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन तोंडाशी नेला. जो प्रश्न त्यांना कधी कुणी विचारला नव्हता तो त्यांनी विचारला.

"मेआझा, तुला तो हवाय का?"

"हो, आई. हवाय."

अस्कालेबाईंनी मान हलवली. फोनमध्ये मान दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मेकुरियांनी बायकोकडे पाहिलं आणि त्यांना उगीचच गिरणीवरून पिठाची पाटी घेऊन येणारी एक मुलगी आठवली. आपणही तेव्हा विचारायला हवं होतं, असं त्यांना मनापासून वाटलं. आता विचारावं का, हेही क्षणभर मनात आलं. पण पिठाची बादली अजून तशीच होती, तेव्हा आजचा दिवस त्याला बरा नव्हता.

"माझं 'नाही' मघाशी म्हणून झालंय," ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले. "चांगलं खरंखुरं म्हटलंय, कुणी बोट ठेवू शकणार नाही. आता 'हो' घ्या. मुलगी तुमची."

"मग बसू द्या बाबा आता," लेगेसे म्हणाले. "तुमच्या यंत्राच्या हिशेबानं आम्ही आठ वर्षं उभे आहोत."

तिघे बसले. वोर्कूंना दोघांनी धरून बसवावं लागलं. आता उठवताना किती जण लागतील, याचा विचार कुणी केला नाही. कॉफी फिरली. मेआझानं फोनवरून आकडे सांगितले, मेकुरियांनी एका बोटानं दाबले आणि यंत्राला आठ वर्षं पुढे आणलं. लाल पाटी गेली. टीव्ही उजळला आणि मेआझा दिसली, पांढऱ्या पोशाखात, डोळे पुसत. तिच्या शेजारी कोट-टाय घालून, घामाघूम झालेला सुराफेल बसला होता. फोन सुरू झाल्यापासून तो तिथंच होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं.

सगळे तो काय बोलतो याची वाट पाहू लागले. अशा वेळी जावयानं सासूसासऱ्यांना नमस्कार करायचा असतो, वडीलधाऱ्यांचे आभार मानायचे असतात. सुराफेलनं टाय सारखा केला.

"मामा," तो म्हणाला, "चार दिवस नाही. दोनच दिवस जेवलो नव्हतो. तिसऱ्या दिवशी आजीनं कोंबडी केली होती."